लंडनची पदवी, साताऱ्याचे घर

मैत्रिणींनो, तुमच्या नात्यात नाही तर निदान आळीत तरी एखादी मुलगी ‘बाहेर’ शिकायला गेलेली असेलच. विमानतळावरचा तिचा फोटो तुम्ही पाहिला असेल, तिच्या आईने वाटलेले पेढेही खाल्ले असतील. पण त्या फोटोच्या आधीचे सहा महिने आणि नंतरची दोन वर्षे त्या घरात काय चाललेले असते, ते सहसा कोणी बोलत नाही. आमच्या घरात ते सगळे घडून गेले आहे, त्यातले बरेचसे कागद माझ्या हातून गेले आहेत, म्हणून आज लिहायला बसले आहे.

माझी धाकटी नणंद २०२३ च्या सप्टेंबरात लंडनला गेली. बी.कॉम. झालेली, पुण्यात दोन वर्षे नोकरी केलेली, वय चोवीस. तिला व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यायचे होते. एम.बी.ए.ला तिकडच्या चांगल्या संस्था काही वर्षांचा अनुभव मागतात, म्हणून तिने एक वर्षाचा एम.एस्सी. मॅनेजमेंट हा अभ्यासक्रम निवडला. मी साधी बी.ए., शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. पण घरात इंग्रजी फॉर्म भरणारी मीच, त्यामुळे “वहिनी, जरा बघ ना गं हे,” म्हणत एकेक कागद माझ्याच पुढ्यात येऊन पडायचा.

सुरुवात झाली एका एजंटपासून. पुण्यात त्याचे गुळगुळीत ऑफिस. आमच्याकडून त्याने एक पैसाही घेतला नाही, तेव्हा सासूबाईंना तो देवमाणूस वाटला. अशा एजंटांना मुलामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळते, हे आम्हांला पुढे कळले. म्हणजे ज्या विद्यापीठाशी त्याचा करार, तेच तुमच्या मुलीसाठी ‘सर्वोत्तम’! तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याने अर्धे सांगितले, एवढेच. “पार्टटाइम नोकरीत खर्च सुटतो, आणि पदवीनंतर दोन वर्षे तिथेच नोकरी, म्हणजे कर्ज फिटलंच,” हे त्याचे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा घोळले की ते कुणाचे होते हेच आम्ही विसरून गेलो. ते आमचेच मत झाले.

आता हिशेब. फी २९ हजार पौंड. शिवाय राहण्याखाण्यासाठी महिना १,३३४ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १२,००६ पौंड हाताशी आहेत असे व्हिसासाठी दाखवायचे. लंडन शहरासाठी तेव्हा हा दर होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १,५२९ पौंड झाला, तेव्हा तुमचा हिशेब आमच्याहून जड धरा. एकंदर ४१ हजार पौंड. फेब्रुवारीत आम्ही वहीत आकडे मांडले तेव्हा पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता. जुलैत प्रत्यक्ष पैसे काढायची वेळ आली तेव्हा तो १०५ च्या पुढे गेलेला! पाच रुपये म्हणजे भाजीच्या जुडीत आपण सोडून देतो. पण ४१ हजार वेळा पाच रुपये म्हणजे दोन लाख पाच हजार होतात. ते आमच्या वहीत कुठेच नव्हते.

बँकेचे कर्ज पस्तीस लाख, साडेदहा टक्क्यांनी, सासऱ्यांचे साताऱ्यातले घर गहाण ठेवून. उरलेले आठ लाख त्यांच्या फंडातले. ज्या दिवशी घराचे कागद बँकेत द्यायचे होते त्या दिवशी सासरे सकाळपासून काही बोलले नाहीत. दुपारी अंगणातल्या पेरूला पाणी घालत उभे राहिले. नणंद म्हणाली, “बाबा, नको असेल तर राहू दे.” ते म्हणाले, “मी कुठं काय म्हणालो?” इथे आपल्या घरांमधली एक गोष्ट लक्षात घ्या. मुलाच्या शिक्षणासाठी घर गहाण पडले तर ती गुंतवणूक, आणि मुलीच्या शिक्षणासाठी पडले की नातेवाईक विचारतात, “आणि लग्नाचं काय?” आमच्याकडेही मामंजींच्या भावांनी विचारलेच. सासूबाईंनी तर तोडगाही काढला होता: आधी लग्न उरकू, मग दोघांनाच पाठवू. तेव्हा नियमाने ते जमलेही असते. पण १ जानेवारी २०२४ नंतर सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ते दार बंद झाले आहे. मुख्यतः पीएच.डी. किंवा तत्सम संशोधनाला गेलेल्यांनाच आता जोडीदार आणि मुले बरोबर नेता येतात. कुणी तुमच्या मुलीसाठी ‘लग्न करून दोघं जातील’ असे स्थळ आणले, तर हे त्यांना शांतपणे सांगा.

व्हिसाची एक गंमत सांगते, म्हणजे आज गंमत वाटते. दाखवायचे पैसे खात्यात सलग अठ्ठावीस दिवस असावे लागतात, एक दिवसही शिल्लक खाली जाता कामा नये. आम्ही बेताचीच रक्कम ठेवली होती. एकोणिसाव्या दिवशी पन्हाळी पत्रा गळायला लागला म्हणून सासऱ्यांनी गवंड्याला द्यायला पंधरा हजार काढले! कुणाला सांगायचे त्यांच्या मनातही आले नाही. स्वतःचेच तर पैसे. अठ्ठावीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. तेव्हा लागणाऱ्या रकमेपेक्षा दोन-तीन लाख अधिक ठेवा, आणि त्या खात्याचे पासबुक त्या महिन्यापुरते कपाटात कुलूपबंद करा. क्षयाची तपासणीही लागते, ती मान्यताप्राप्त दवाखान्यातच. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची रक्कम व्हिसाबरोबरच भरावी लागते. आम्ही ७०५ पौंड भरले. २०२४ च्या फेब्रुवारीत दर वाढला, आणि तेवढ्याच मुदतीला ती रक्कम १,१६४ पौंड झाली.

बॅग भरायची वेळ आली तेव्हा मात्र सासूबाईंचा आणि माझा अधिकार चालला. त्यात आम्ही केलेली पहिली चूक म्हणजे तूप. घरचे कढवलेले, दोन किलो. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, हे निघायच्या आदल्या रात्री कळले. तूप राहिले, पेढेही राहिले. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचे पीठ आणि छोटे पोळपाट-लाटणे गेले. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालेल असा सपाट बुडाचा घ्या, कारण भाड्याच्या घरांत पुष्कळदा गॅस नसतोच. जाड कोट इथून घेऊ नका. तिथे जागोजागी धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकाने असतात, त्यांत थंडीचे चांगले कपडे स्वस्तात मिळतात. आम्ही पुण्याहून घेतलेल्या महागड्या कोटातून लंडनचा वारा आरपार गेला म्हणे.

लंडनमध्ये पहिला धक्का बसला तो घराचा. विद्यापीठाचे वसतिगृह परवडत नव्हते म्हणून तिने इथूनच एक खोली ठरवली होती. फोटोत खोली सुरेख. “दुसरेही मागताहेत, चारशे पौंड पाठवा, म्हणजे राखून ठेवतो,” असा निरोप आला. आम्ही पाठवले. ती तिथे पोचली तेव्हा त्या पत्त्यावर खोली होती, पण ती भाड्याने द्यायचीच नव्हती. त्या घरच्या बाईने असा मनुष्यच कधी ऐकला नव्हता. सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी दोन बॅगा घेऊन माझी नणंद एका अनोळखी रस्त्यावर उभी, आणि फोनवर मी साताऱ्यात, रात्रीचे साडेअकरा वाजलेले. तिला म्हटले, “आईंना उठवत नाही, तू आधी कुठंतरी चहा घे.” दुसरे काय सुचणार? त्या रात्री ती स्वस्तातल्या एका हॉस्टेलमध्ये राहिली. बाराव्या दिवशी वेम्बलीला खोली मिळाली, महिना ७८० पौंड, घरमालकीण गुजराती.

त्या बारा दिवसांत ती जे शिकली ते कुठल्याच पुस्तकात नाही. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसा द्यायचा नाही, हे तर झालेच. पण अनामत रक्कम साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, घर रीतसर कराराने भाड्याने घेतले असेल तर ती सरकारमान्य योजनेत तीस दिवसांच्या आत ठेवावी लागते, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तिथला घरपट्टीसारखा कर माफ असतो, हेही ती तिथेच शिकली. अनेक ठिकाणी तिच्याकडे इंग्लंडात राहणारा जामीन मागितला. तो नसेल तर सहा महिन्यांचे भाडे आगाऊ! कुठून देणार? आता १ मे २०२६ पासूनच्या नव्या कायद्याने रीतसर भाडेकरूकडून एका महिन्याहून अधिक भाडे आगाऊ मागता येत नाही. आमच्या वेळी ते संरक्षण नव्हते.

फोडणीची कथा तर सांगायलाच हवी. पहिल्याच रविवारी तिने मोहरी तडतडवली, आणि घरभर कर्णकर्कश घंटा वाजायला लागली. धुराची सूचना देणारे यंत्र छतालाच बसवलेले. घरातली बाकीची चार माणसे पायजम्यातच रस्त्यावर! तेव्हापासून तिचा नियम झाला, आधी खिडकी उघडायची, मग तेल तापवायचे. डाळ शिजत नाही ही दुसरी तक्रार. लंडनचे पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर साचतो, आणि तुरीची डाळ तासभर कुकरात ठेवली तरी दाणा वेगळाच. सासूबाईंनी इथून फोनवर उपाय सांगितला: रात्री भिजत घाल आणि चिमूटभर सोडा टाक. उपाय लागू पडला. लंडनच्या विद्यापीठालाही न सुटलेला प्रश्न आपण सोडवला, असा त्यांचा चेहरा त्या दिवशी होता!

आता मुख्य गोष्ट, अभ्यास. आपल्याकडची हुशार मुलगी तिकडे जाऊन पहिल्या सत्रात का गडबडते, हे मला शिक्षिका म्हणून फार कळीचे वाटते. तिकडे वर्गात ‘सर’, ‘मॅडम’ नाही, प्राध्यापकांना नावाने हाक मारायची. तास दोन प्रकारचे: एक व्याख्यान, आणि दुसरी पंधरा-वीस जणांची चर्चा. चर्चेत बोलावे लागते, चुकीचे का होईना. गप्प बसलेली मुलगी आपल्याकडे ‘शहाणी’ ठरते. तिथे ती वाचून आलेली नाही असे समजतात. परीक्षेपेक्षा निबंध आणि गटाने करायची कामे जास्त. आणि निबंधात दुसऱ्याचे वाक्य, दुसऱ्याचा विचार कुठून घेतला ते जागच्या जागी लिहायचे. नाही लिहिले तर ती चोरी. आपण मुलांना काय शिकवतो? मार्गदर्शकातले उत्तर जसेच्या तसे लिहिले की पैकीच्या पैकी. मीही तेच शिकवत आले, कबूल करते. पहिल्या निबंधाला नणंदेला ४८ गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला ५० लागतात. आयुष्यात कधी नापास न झालेली ती मुलगी जानेवारीच्या त्या रात्री फोनवर नुसती हुंदके देत होती, आणि शेवटी म्हणाली, “बाबांचं घर आहे वहिनी, घर आहे ते.”

मी ते वाक्य घरात कुणाला सांगितले नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पुन्हा निबंध लिहायची एक संधी होती, पण तिचे गुण कितीही चांगले असले तरी ५० च धरणार. विद्यापीठात लिखाण शिकवणारा एक विभाग होता, फुकट. त्याची माहिती पहिल्या दिवशीच दिलेली. पण मदत मागायला जायचे म्हणजे आपण कच्चे, असे आपल्या मुलींच्या मनात. ती गेली. पुढच्या निबंधाला ६२ पडले. सासूबाई म्हणाल्या, “बासष्टच? दहावीला तर एक्क्याण्णव होते!” त्यांना समजावून सांगावे लागले की तिकडे साठच्या वर चांगली श्रेणी आणि सत्तरला विशेष प्रावीण्य, नव्वद सहसा कुणाला मिळतच नाहीत. घरी हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे मुलगी निकाल लपवणार नाही.

तिचे तोंड वर्गात उघडले ते मात्र निराळ्याच कारणाने. व्यवस्थापनाच्या अभ्यासात खऱ्या धंद्याचे उदाहरण घेऊन त्याची चिरफाड करतात. फेब्रुवारीत उदाहरण आले ते मुंबईच्या डबेवाल्यांचे! हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने २०१० साली त्यांच्यावर असे प्रकरण तयार केले आहे. १८९० साली सुरू झालेली पद्धत, झाकणावरच्या रंगीत खुणा, लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला दिवस. वर्गात चीन, नायजेरिया, इटलीची मुले, आणि सगळ्यांच्या माना हिच्याकडे वळल्या. आता ही साताऱ्याची. डबेवाला तिने जन्मात जवळून पाहिला नव्हता. पण मावळ-जुन्नरकडची माणसे एकमेकांना ओळखीने कामाला कशी लावून घेतात, गावच्या जत्रेला सगळी कशी सुट्टीवर जातात, चुकीचा डबा गेला तर माणूस उपाशी राहील ही लाज म्हणजे काय, हे तिला पुस्तकाशिवाय माहीत होते. ती वीस मिनिटे बोलली. प्राध्यापकांनी विचारले, हे कुठे छापले आहे? ती म्हणाली, “आमच्याकडे हे छापावं लागत नाही.” त्या दिवसापासून गटकामात तिला कुणी टाइपिंगपुरते ठेवले नाही.

नोकरीचे गणित आता सांगते. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येते. तेव्हा किमान वेतन तासाला १०.४२ पौंड होते, म्हणजे पूर्ण वीस तास मिळाले तर आठवड्याला २०८ पौंड. तिला एका बेकरीत काम मिळाले ते नोव्हेंबरात, आणि तेही बारा-चौदा तासांचे. त्यातून खोलीचे भाडेसुद्धा सुटत नव्हते. ‘खर्च सुटतो’ ते असे! वीसच्या वर तास भरायला मालक खुषीने सांगतात, पण व्हिसा जातो मुलीचा. इकडे आम्ही कर्जाचे व्याज चालू ठेवले होते. पूर्ण रक्कम उचलल्यावर ते महिन्याला तीस हजार सहाशे पंचवीस रुपये. माझा शाळेतला पगार त्या वर्षी मी पाहिलाच नाही म्हणा ना.

मधल्या एका रविवारी ती किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात जाऊन आली. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना तिथे राहत होते. २०१५ साली ते घर महाराष्ट्र शासनाने घेतले. त्यांनी १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्याच प्रश्नावर प्रबंध लिहून. ती मला म्हणाली, “वहिनी, त्या खोलीत मला पौंडाच्या भावाची तक्रार करायची लाज वाटली.”

पदवी झाली, ६४ गुणांनी. पदवीनंतर तिथे दोन वर्षे राहून काम करण्याचा व्हिसा मिळतो (१ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीडच वर्षाचा). त्याला आणि पुन्हा आरोग्याच्या रकमेला मिळून आणखी २,८९२ पौंड लागले, तीन लाख रुपये! एजंटच्या हिशेबात हे नव्हते, म्हणून आमच्याही नव्हते. ते माझ्या पाटल्यांतून गेले. नोकरी लागली, वर्षाला २७ हजार पौंड. आठ-नऊ महिने तिने घरी हप्त्यापुरते पैसे नेमाने पाठवले. पण पुढे तिथे टिकायचे तर नोकरी देणाऱ्याने सरकारकडे तुमची हमी घ्यावी लागते, आणि त्याला पगाराची अट असते. ती गेली तेव्हा ती सर्वसाधारणपणे २६,२०० पौंड होती. एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० झाली, जुलै २०२५ मध्ये ४१,७००. नव्या पदवीधरांना सवलत आहे, पण तीही ३३,४०० च्या खाली नाही. धावणाऱ्यापुढे कुणी दोरी पुढे पुढे नेत राहावे तसे झाले. तिच्या कंपनीने नाही म्हटले. त्यांचेही काय चुकले, म्हणा.

व्हिसाचे वर्षभर बाकी असताना, २०२५ च्या दिवाळीला, ती परत आली. इंग्लंडच्या गिऱ्हाइकांचे काम करणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत लागली. हातात ऐंशी हजार येतात, पंधरा वर्षांच्या मुदतीचा हप्ता चाळीस हजारांच्या घरात आहे, तो ती स्वतः भरते. लोक विचारतात, “परत का आली?” पूर्वी सासूबाई गडबडून जायच्या. आता म्हणतात, “तिचं काम झालं म्हणून आली.” तुमच्या घरी असा बेत चालला असेल तर मी एकच विचारीन: मुलगी शिकून दुसऱ्याच दिवशी परत आली आणि तिला पुण्या-मुंबईचा पगार मिळाला, तर हप्ता जातो का? तेवढे एक पान वहीत मांडून पाहा. आम्ही मांडले नव्हते. आमचे निभावले, ते तिच्या कष्टाने आणि थोडे दैवाने. एकीला तोच हिशेब घालून दिला तर ती दोन वर्षे थांबून, अनुभव घेऊन, थोडे पैसे साठवून जाते म्हणाली. दुसरीच्या घरी त्याच हिशेबावरून माझ्याशी बोलणे बंद झाले आहे.

मागच्या रविवारी नणंद घरी आली होती. सासरे पेरूपाशी, सासूबाई देवघरात, आणि आमटीचे काम तिच्याकडे. आमच्या स्वयंपाकघराला दोन दारे, एक मोठा झरोका, वर कौले. धूर कधी साठलेला मला आठवत नाही. तिने कढई ठेवली, तेल ओतले, मोहरीचा डबा हातात घेतला, आणि आधी जाऊन खिडकी उघडली.